एका दाराचा प्रकल्प प्रस्ताव

जांभूळ गावच्या मुलींच्या अभ्यासिकेतील संडासाला दार नाही, ही बाब संस्थेचा सचिव या नात्याने मी लागोपाठ चार सभांच्या इतिवृत्तात नोंदवली आहे. जुने दार गेल्या वर्षीच्या वादळात निखळले आणि शेजारच्या खाचरात दोन तुकड्यांत सापडले. दहावीच्या चौदा मुली इथे अभ्यास करायच्या. एकीला जायचे झाले की दुसरी ओढणी धरून उभी राहायची, म्हणजे एका वेळी दोघींचा अभ्यास बुडायचा. त्यांतली चिमी हुशार, पण फार लाजाळू. ती सकाळपासून पाणीच पीत नसे. एके दुपारी चक्कर येऊन ती भूमितीच्या वहीवरच पडली.

आमच्या अध्यक्षा गोजरबाई. स्वतःच्या भातजमिनीच्या कडेला दोन खोल्या बांधून त्यांनी ही अभ्यासिका काढली. पुढे मी कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि संस्थेला शिस्त लावली.

"भावोजी, मना दार पायजे. बाकी काय नको," चिमीला लिंबूपाणी पाजत त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, मागणी रीतसर व्हायला हवी. सुदैवाने त्याच आठवड्यात अंबरनाथ पूर्वेला अनुदान प्रस्ताव लेखनाचे प्रशिक्षण होते. आम्ही दोघे गेलो. गळ्यात ओळखपत्र आणि हातात फोल्डर आल्यावर मला पुन्हा नोकरीत रुजू झाल्यासारखे वाटले.

प्रशिक्षक जिज्ञासा मॅडमनी पहिलाच प्रश्न गोजरबाईंना विचारला, "तुमच्या समाजाची समस्या काय?"

"संडासाला दार नाय."

"ताई, दार हा उपाय झाला. उपाय नसणं ही समस्या नसते. मुळाशी जा."

"मुळाशी संडासच हाय, मॅडम."

सभागृह हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मॅडम मात्र शांत होत्या. "बरं, प्रकल्प संपल्यानंतर त्याचा टिकाऊपणा कसा राखणार?"

"सागवानी लावू," गोजरबाई म्हणाल्या.

जेवणानंतर त्या परत आल्याच नाहीत. मी शेवटपर्यंत बसलो आणि प्रमाणपत्र घेऊनच उठलो.

प्रस्ताव लिहायला मला सात आठवडे लागले. आधी पायाभूत सर्वेक्षण केले. गावातल्या एकशेबारा कुटुंबांना घरोघर जाऊन विचारले, की आपण संडासाचे दार का लावता? तिघांनी उत्तर दिले, बाकीच्यांनी घराचे दार लावून घेतले. हा प्रतिसादही मी तक्त्यात बसवला. प्रकल्पाचे नाव ठेवले, 'किशोरवयीन मुलींच्या खासगी अवकाशाचे सक्षमीकरण'. एकूण एकेचाळीस पाने झाली आणि त्यांत दार हा शब्द मी कुठेही येऊ दिला नाही. त्याचा मला आजही अभिमान आहे.

इकडे मी शेवटचे पान लिहीत असताना गोजरबाई उल्हासनगरला गेल्या आणि भूपेश नावाच्या फर्निचरवाल्याच्या दुकानात शिरल्या. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दरवाजा ही चाहिए ना, मौसी? इसमें लिखना क्या है? ले जाओ."

संध्याकाळी दार टेम्पोतून आले. कडीसकट. दुसऱ्या दिवशी चिमी दोन बाटल्या पाणी प्यायली आणि तिने भूमितीची अख्खी प्रश्नपत्रिका सोडवली.

आता आली का पंचाईत! दार आले त्याच दिवशी मी प्रस्ताव टपालात टाकला होता, आणि चारच दिवसांत अनुदान देणाऱ्या संस्थेचे पत्र आले. त्यांच्या अधिकारी ऋता मॅडम मंगळवारी समस्येची प्रत्यक्ष पाहणी करायला येणार होत्या, आणि समस्या तर जागेवर नव्हती. सहाव्या पानावर 'खासगी अवकाशाचा संपूर्ण अभाव' असे आम्ही सही-शिक्क्यानिशी लिहून दिले होते, ते खोटे पडणार होते. संस्थेची अब्रू माझ्या हातात होती. मंगळवारी सकाळी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो.

"लावलेलं दार काढताव?" गोजरबाई कडाडल्या. "डोकं फिरलंय का तुमचं?"

"फक्त आजच्या दिवसापुरतं, वहिनी."

ऋता मॅडम आल्या. मुली ओढणी धरून उभ्या राहिल्या. मॅडमचे डोळे भरून आले आणि तशाच भरल्या डोळ्यांनी त्यांनी बरेच फोटो काढले. चिमी कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. त्या दिवशी ती पुन्हा पाणी प्यायली नव्हती.

प्रस्ताव मंजूर झाला. तीन वर्षांचा! जनजागृती, कार्यशाळा, अभ्यासदौरा, सगळे मिळाले. अटी दोनच होत्या. प्रकल्पातून कोणतीही वस्तू बसवता येणार नाही, आणि अंतिम मूल्यमापनापर्यंत मूळ परिस्थितीत प्रकल्पाबाहेरचा हस्तक्षेप होता कामा नये. त्यामुळे दार काढलेलेच राहिले.

गोजरबाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. त्यांनी चौदाही मुलींना गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरच्या पडवीत नेले, कारण त्यांच्या संडासाला दार आहे. चिमी सगळ्यात शेवटी गेली, स्वतःची खुर्ची उचलून. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला खरोखर वाईट वाटले. ते मी त्रैमासिक अहवालात 'लाभार्थींचे स्थलांतर' या रकान्यात नोंदवले.

अभ्यासिका आता रिकामी आहे. भूपेशचे दार वाया जाऊ नये म्हणून मी ते दोन स्टुलांवर आडवे टाकले आहे. टेबल छान झाले आहे, सही करताना जरासुद्धा हलत नाही. याच टेबलावर पुढच्या रविवारी आम्ही इतर संस्थांसाठी प्रस्ताव लेखनाचे प्रशिक्षण ठेवले आहे. आपणही कुठल्या ना कुठल्या मंडळावर, समितीवर किंवा सोसायटीच्या कार्यकारिणीवर असालच, आणि आपल्याकडचेही एखादे साधे काम ठरावात अडकलेले असेलच. जरूर या. चहा, फोल्डर आणि प्रमाणपत्र मिळेल.

दिवस मोठा आहे. तेवढे घरून निघतानाच जाऊन या.