थोरल्या पट्टीचा मान

आमच्या छापखान्यातल्या संगणकाच्या दोन मेमरीपट्ट्यांनी, एक जुनी आणि एक नवी, एकमेकींशी अबोला धरला, त्यामुळे तो दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला.

छापखाना जयसिंगपूरचा, लग्नपत्रिकांचा. अक्षरजुळणी मी करते. संध्याकाळपर्यंत इंगवल्यांच्या सातशे पत्रिका झाल्या नाहीत, तर मालक, म्हणजे उपळेकर, संगणक भंगारात काढून जुळणी बाहेरून करून घेणार होते. मला घरी बसावं लागलं असतं. भीती वाटत होती, लपवू कशाला.

दुरुस्तीला इरफान मुल्ला आला. त्याने प्रोसेसरचं व्होल्टेज मोजलं. ठीक होतं. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. तापमान उतरलं, संगणक पुन्हा बंद पडला. मग त्याने एकेक पट्टी लावून पाहिली. एकटी असली की दोघीही गुणी. पण पत्रिकेवरचा गणपती उघडायला एकीची ताकद पुरेना.

"नवी कुठं बसवलीसा?"

"पहिल्या खाचेत. जास्त ताकदीची म्हणून."

"आणि थोरलीला इचारलं न्हाई." त्याने कागदावर नोंद केली. बिघाड: मानपान.

उपळेकरांनी चष्मा पुसला. कुठल्या काकांचं नाव आधी घालायचं, हे चाळीस वर्षं तेच ठरवत आले होते. "नुसती जागा बदलून भागणार नाही," ते म्हणाले. "लेखी लागतं. इंगवल्यांच्या पत्रिकेतच घ्या. थोरली निमंत्रक, धाकटी स्वागतोत्सुक."

मी दोन ओळी वाढवल्या. इरफानने थोरलीला पहिल्या खाचेत बसवलं आणि धाकटीला मध्ये एक खाच सोडून. दहा मिनिटं गेली, वीस गेली. गणपती उघडला. सातशेच्या सातशे पत्रिका छापून झाल्या आणि मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी इंगवले अण्णा आले. ओळीवर बोट ठेवून त्यांनी पत्रिका वाचली.

"ह्या थोरली मेमरीपट्टी कोण?"

"आमच्यातल्या," उपळेकर म्हणाले. "धाकटीही आमचीच."

"नावं आल्यात म्हंजे दोघींचा आहेर करायला पायजे," अण्णा म्हणाले. "साडी कसली घ्यायची?"

उपळेकरांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यांना विचारा. दोघींचं सगळं त्याच बघतात. इथून पुढेही त्याच बघणार."

"थोरलीला नऊवारी," मी म्हणाले.