आप्पांचं नाक

आप्पा भेटले की नमस्कार करत नाहीत, वास घेतात. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, कानात काही सांगायचंय अशा बेतानं जवळ यायचं, दोनदा नाक ओढायचं आणि मगच, "बोल, काय म्हंतोस?" नव्या माणसाला वाटतं, म्हातारा मायाळू आहे. जुन्यांना ठाऊक असतं, तपासणी झाली.

ही सवय नोकरीतली. आप्पांची उभी हयात कवठे येमाईच्या एका दूध संकलन केंद्रावर गेली. शेतकऱ्यानं कॅन ठेवला की झाकण उघडायचं, आधी झाकणाचा वास घ्यायचा, मग दुधाकडे बघायचं. आंबूस वास आला की कॅन परत. सख्ख्या मेव्हण्याचा कॅनही त्यांनी परत पाठवला होता आणि मेव्हणा त्या साली दिवाळीला आला नाही, हे ते अजून अभिमानानं सांगतात. गंमत अशी, की त्या काळात आप्पा स्वतः रोज पिऊन असत. "दुधाचा वास बराबर यायचा," ते म्हणतात, "सोताचा तेवढा यायचा न्हाई."

आता ते शिरूरला एका खोलीत एकटेच राहतात. दारू सोडलेल्या आम्हा लोकांची मंगळवारी बैठक भरते, तिथे दाराशी त्यांची खुर्ची असते. मीही त्या बैठकीतला. सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझी दारू कशी गेली आणि जाताना घरातलं काय काय घेऊन गेली, ते इथे उगाळत नाही. घरात ते सगळ्यांना पाठ आहे.

बैठकीत आम्ही मन मोकळं करतो आणि आप्पा डोळे बारीक करून ऐकतात. मग निकाल देतात, "ह्यात पाणी हाय." एक जण म्हणाला, आता मला इच्छाच होत नाही, मग मित्रांबरोबर नुसतं बसायला काय हरकत आहे? "पाणी." दुसरा म्हणाला, एकदा घसरलो म्हणजे आपण नालायकच, आता सोडून तरी काय उपयोग? "लई पाणी." आप्पांच्या मते बाटलीच्या आधी विचार येतो, तोही इस्त्रीचे कपडे घालून. त्याला उंबऱ्यावरच अडवायचं आणि विचारायचं, तुला धाडलं कुनी?

वस्तूंवरही त्यांचा असाच डोळा. खारे शेंगदाणे म्हणजे उघड शत्रू. उकडलेल्या अंड्यांची गाडी दिसली की ते रस्ता ओलांडतात. लग्नाला जातात, पण बँडवाल्यांनी तोंडाला वाद्य लावायच्या आत जेवून निघतात. सगळ्यात मोठा संशय मात्र त्यांना आनंदाचा. माझ्या मुलीला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, "आज घरी कुठनं जानार?" मी म्हणालो, नेहमीच्या रस्त्यानं. "न्हाई. आज माज्यासंगं." मग गावाला वळसा घालून त्यांनी मला दारापर्यंत आणलं आणि माझ्या बायकोला हाक मारली, "ताई, माल उतरवून घ्या."

माझी बायको मंगल, तीही वास घेते. मी घरी आलो की धुवायच्या नावाखाली शर्ट नेते आणि न्हाणीच्या दाराशी नाकाला लावते. मला दिसू नये अशी काळजी घेते, म्हणून जास्त लागतं. एका मंगळवारी मी हे बोललो. इतकं करूनही घरात विश्वास नसेल, तर न पिऊन मी मिळवलं काय?

"पाणी," आप्पा म्हणाले.

मला राग आला. त्या दिवसापासून मी आप्पांवर पाळत ठेवली.

मग एक गोष्ट ध्यानात आली. महिन्यातल्या एका रविवारी ते धुतलेला सदरा घालून दौंडची एसटी धरत. कुठे जाता, विचारलं की "कामाय." त्या दिवशी ते कुणाचा वास घेत नसत, कुणाला जवळही येऊ देत नसत. ह्यातही पाणी होतं. एका रविवारी मी त्याच गाडीत मागच्या बाकावर बसलो. खरं सांगायचं तर मला त्यांची काळजी वाटत नव्हती. म्हातारा चोरून पीत असला, तर मलाही मोकळीक मिळणार होती. चौफुला येईपर्यंत मी दौंडच्या बारमधलं कोपऱ्यातलं टेबलसुद्धा मनात धरून ठेवलं होतं.

दौंडला उतरल्यावर एका दारूच्या दुकानाशी आप्पांची चाल मंदावली. मला चक्क बरं वाटलं. पण पुढे अंड्याची गाडी होती. त्यांनी रस्ता ओलांडला.

स्टेशनामागच्या एका गल्लीत त्यांनी दार वाजवलं. चाळिशीच्या माणसानं उघडलं. नाकावरून कळलं, मुलगा. आप्पांनी टोपी काढली, हनुवटी वर केली आणि तोंड उघडून श्वास सोडला. मुलानं वाकून दोनदा नाक ओढलं, अगदी आप्पांसारखंच. मग बाजूला झाला. आप्पांनी चपला काढल्या.

मी समोरच्या पानटपरीशी उभाच राहिलो. मघाचं टेबल आता डोक्यात नव्हतं. बऱ्याच वेळानं आप्पा बाहेर आले, मला बघून दचकले नाहीत, आधी खांद्यावर हात ठेवून वास घेतला. "कोरा हायेस," म्हणाले.

स्टँडकडे चालताना मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, इतकी वर्षं झाली, तरी पोरगा तपासून घरात घेतो. राग नाही येत?"

"त्याची आई गेली तवा मी केंद्रामागं पडल्यालो हुतो. त्याच्यानंतर लई वरसं त्यानं दारच उघडलं न्हाई." थोडं चालून झाल्यावर ते म्हणाले, "ज्याचं दूध घ्यायचंच न्हाई, त्याच्या कॅनचं झाकण कोन उघडतं रं?"

स्टँड आला. गाडी लागलेली होती.

"तू कशापायी आलतास?"

"तुमच्या काळजीनं."

"पाणी," आप्पा म्हणाले आणि खिडकीची जागा मला दिली.

घरी पोचलो तर मंगलनं शर्टासाठी हात पुढे केला. मी काढून दिला. ती न्हाणीकडे वळली तेव्हा म्हणालो, "इथंच घे की वास."

ती थबकली. मग शर्ट खुर्चीवर टाकून जवळ आली, पार खांद्यापर्यंत. मी हललो नाही.

"एसटीचा येतोय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.