शमीमबीचं रोजचं पान

सकाळी आठला तुम्ही शमीमबीकडे ब्लाउज शिवायला घेऊन गेलात, तर ती मान वर करणार नाही. ‘बसा. पान झालं नाई अजून,’ एवढंच म्हणेल. मग तुम्ही कलेक्टरीणबाई असा, नाहीतर समोर राहणारी मी. मशीनवर वही ठेवून ती लिहीत असते. पानाची शेवटची ओळ भरेपर्यंत तिची कात्री कापडाला लागत नाही.

अमरावतीतल्या आमच्या गल्लीत ती बायकांचे कपडे शिवते आणि मराठीत कथा लिहिते. शिक्षण दर्यापूरला, दहावीपर्यंत. मी एम.ए. मराठी, जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं. माझ्याकडे खिडकीशी टेबल आहे, तीन चांगली पेनं आहेत आणि नऊ वर्षांपासून लिहीत असलेली कादंबरी आहे. ती चौथ्या प्रकरणात आहे. शमीमबीच्या अकरा कथा छापून आल्या. मी मोजल्यात.

‘तुला रोज सुचतं तरी कसं गं?’ मी एकदा विचारलंच.

‘रोज कुठं सुचते मॅडम? नाई सुचलं तं काल कोन बाई काय बोलली, थे लिवतो. पान भरलं पाह्यजे.’

कथा परत आली की मी महिनाभर कुणाशी धड बोलत नाही. ती त्याच दिवशी नव्या पाकिटावर दुसरा पत्ता घालते. ‘एकीले नाई बसला ब्लाउज, तं दुसरीले बसते.’

गेल्या दिवाळीत अकोल्याच्या एका अंकानं माझी कथा परत केली आणि तिची छापली. मी अंक विकत आणला, लाल पेन घेऊन बसले आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढल्या. त्या तिला दाखवायलाही गेले. बाई खूश! ‘अजून पाहा न मॅडम. मले कोन सांगते?’ माझी सगळी जळजळ फुकट गेली.

दोन दिवसांनी दुपारी ती स्वतःच अंक घेऊन माझ्याकडे आली.

‘हे मले वाचून दाखवता का?’

‘अगं, तूच लिहिलीस ना?’

‘लिवली. ऐकली नाई. आमचे हे उर्दू शाळेतले, त्याइले मराठी वाचता येत नाई. पोरगी, नाझनीन, वाचून दाखवे. तिले आता बुऱ्हानपूरले देल्ली.’

मी वाचू लागले. कथेत एक आई मुलीचा लग्नाचा पोशाख शिवत असते. शिवून होत आलेला. मग वाक्य येतं, ‘बाही चांगली बसली होती, तरी तिनं ती उसवली.’

मी थांबले. असं वाक्य मला कधी आलं नव्हतं. वर पाहिलं तर शमीमबीनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलेलं.

‘थे बाहीचं पुन्हा एकदा वाचा न, मॅडम.’

मी वाचलं, अगदी सावकाश. तिच्यासाठी, आणि खरं सांगते, क्षणभर तरी ते वाक्य माझं वाटावं म्हणूनही.