राक्षस खाते काय?

टेंभरे काकाजींचे राक्षस रोज सकाळी शी करतात. कुठे केली, किती केली, तीत केस होते की हाडं, याची नोंद काकाजींच्या वहीत असते.

घाबरू नका, राक्षस कागदावरचे आहेत. मी घाबरलो होतो, पण मी कशालाही घाबरतो. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून कुणी नुसती वही उघडली तरी मी दार शोधतो. जतहून इतक्या लांब आमगावला राईस मिलमध्ये फिटर म्हणून आलो आणि आठवड्यात तापानं पडलो. ओळख ना देख, तरी काकाजींनी घरी आणलं, काकींनी पेज पाजली, मागची खोली दिली. त्यामुळे "दत्ता, रविवारी खेळाले बस" म्हटल्यावर नाही म्हणायची माझी काय टाप!

खेळ असा. एकजण, आमच्याकडे काकाजी, गोष्ट सांगतो; बाकीचे त्या गोष्टीतले शूरवीर होतात. वाटेत राक्षस भेटतात. वीस तोंडांचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की राक्षस मेला. काकाजींच्या मुलानं, मुकेशनं, पुण्याची नोकरी घरून करायच्या दिवसांत हा खेळ बापाला शिकवला आणि मग तो जर्मनीला गेला. पुस्तक, फासे आणि बाप इथेच राहिले.

पण काकाजी निवृत्त वनरक्षक. सारी हयात पाऊलखुणा मोजण्यात गेलेली. त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर लाल पेन उघडलं. "एका गुहेत चाळीस राक्षस लिवले हायेत. खातेत काय? एकमेकायले?"

तेव्हापासून आमच्याकडे राक्षस दिसला की तलवार काढायची नाही. आधी विचारायचं: हा राक्षस खाते काय, पानी कुठचं पिते, अन् याची मादी कुठं हाय? उत्तर नसेल तर राक्षस बाद. पुस्तकातले निम्मे राक्षस असे उपाशी मेले.

आमचा दुसरा शूरवीर हेमराज. स्टेशनजवळ पंक्चर काढतो. त्यानं एकदा पुलाखालचा राक्षस मारला आणि मिशीला पीळ देत बसला. पुढच्या रविवारी गोष्टीतल्या गावाचं सगळं धान उंदरांनी फस्त केलं.

"तो उंदरं खात होता गा," काकाजी शांतपणे म्हणाले. "आता कोन खाईल? तू?"

मग तीन रविवार आम्ही दुसरा राक्षस हुडकून, अर्ज तीन प्रतींत देऊन, त्याला पुलाखाली वसवण्यात घालवले. वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. "शूरवीर म्हंजे ठेकेदारच तुमी. जंगलात येता, मारता, नेता, अन् गावात हार घालून घेता. मांगं काय उरलं ते आमी मोजाचं!"

ड्रॅगननं गाय नेली तर पंचनामा. गाय जंगलात गेली होती की ड्रॅगन गावात आला होता, यावर एक अख्खी दुपार गेली आणि शेवटी गाईचीच चूक निघाली.

आता हा ड्रॅगन. इथल्या कचारगडसारख्या एका गुहेत एकटाच राहतो. त्याला मारायचं नाही, हा काकाजींचा एकच कडक नियम. काऊन म्हणून विचारलं की ते पान उलटतात.

हेमराज वैतागला होता. "दोन वर्सं झाले, आपन त्या ड्रॅगनचे गुराखी हाओ का बे?" आणि माझ्याकडे वळून, "जतवाले, तुयाच्यानं मच्छर तरी मरते का?"

माणसाला उगाच चेव येतो. मी म्हणालो, माझा शूरवीर ड्रॅगनला हात लावत नाही. तो पाणवठ्यात धानावरचं औषध ओततो. फासा टाकला. जन्मात पहिल्यांदा वीस पडले.

काकाजींचा चेहरा उतरला. त्यांनी वहीत लिहिलं: चितळं मेली. मग बोटं मोजली. चितळं नाहीत म्हणजे ड्रॅगनला भक्ष्य नाही. तिसऱ्या रविवारी तो मरणार.

"मंग खोडून टाका ना जी," हेमराज म्हणाला. "तुमचीच तर वही हाय."

"नोकरीत कधी खोटी नोंद नाही केली. आता करू?" आणि ते आत निघून गेले.

मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. खोली गेली, पेज गेली. तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या.

"मुकेशचा खेळातला मानूस त्या गुहेच्या तोंडावर उभा हाय, बापू," त्या म्हणाल्या. "खेळ अर्धा सोडून गेला तो. जातानी म्हणला, बाबा, मी येवस्तवर या ड्रॅगनले मरू नका देऊ. चार वर्सं झाले. या दिवाळीलेही येनं होत नाही म्हणते."

हेमराजनं चहा न पिताच कप खाली ठेवला.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, माझा शूरवीर विषारी पाणवठा बुजवतो, नवा खणतो आणि नाल्याचं पाणी कावडीनं वाहून भरतो. लांबची चितळं येतील.

"पंधराच्या वर पाह्यजे," काकाजी वहीतून मान न काढता म्हणाले.

चार पडले.

"फासा कपाले लागला जी," हेमराज तडक म्हणाला. "मोजाचा नाही."

कप काकींच्या हातात होता आणि काकी दारात. काकाजींनी कपाकडे पाहिलं, हेमराजकडे पाहिलं. "टाक मंग."

त्यानंतर फासा कशाकशाला लागला ते सांगत नाही. चौथ्यांदा सोळा पडले. काकाजींनी चष्मा पुसला आणि लिहिलं: ‘चितळं आली. सायंकाळी ड्रॅगन पाणी प्याला.’ खाली शेरा: ‘फासा चार वेळा टाकला.’

दर रविवारसारखा मुकेशचा फोन आला. इतके दिवस मी उठून जायचो. त्या दिवशी बसून राहिलो. काकाजींनी पगार विचारला नाही, थंडी विचारली नाही.

"खाऊन काय राहिला गा तू तिकडं? अन् पानी कसं हाय?"

तिकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं. मग मुकेशनं काही विचारलं असावं, कारण काकाजींनी वही जवळ ओढली.

"हाव," ते म्हणाले. "जित्ता हाय. ये तू."