तिसरी सूचना

जिथे एका माणसात काम भागतं तिथे दोन माणसं नेमली की काम सुरक्षित होतं. आणि त्या दोघांतला एक मोठा आहे असं ठरवलं की ते प्रतिष्ठित होतं. पंचायत, संसार आणि खाजगी विमान ही तिन्ही याच तत्त्वावर चालतात. पैकी विमान पडलं तर आवाज होतो, एवढाच फरक.

भालकीच्या बंडेप्पा सेठांनी विमान घेतलं ते एकोणीसशे बावन्न साली. तुरीच्या डाळीच्या व्यापाऱ्याला विमान कशाला, असं विचारणारे लोक तेव्हाही होते. कारण साधं होतं. उदगीरच्या डाळवाल्याने मोटार घेतली होती. मोठी लढाई संपल्यावर भंगारात निघालेलं एक दोन इंजिनांचं विमान सेठांनी उचललं, रंगवलं, त्याच्या नाकाला लिंबू-मिरची बांधली आणि गावाबाहेरचं ज्वारीचं रान सपाट करून घेतलं. हैदराबादला रेल्वेने जायला सगळा दिवस मोडायचा. विमान तासाभरात पोचवायचं. (निघतानाची पूजा, उतरल्यावरचे हार आणि मधल्या वेळेत विमान बघायला आलेल्यांचा चहा धरला तर विमानालाही सगळा दिवस लागे. पण तो मानाचा दिवस होता.)

विमानाचे कॅप्टन राजेश्वर गावचे गुरप्पा. लढाईत विमानं उडवलेली, भरघोस मिशा आणि डावीकडची खुर्ची, एवढं त्यांच्याकडे होतं. उजव्या खुर्चीत दुय्यम वैमानिक रामकिशन, खजुरीचा. तो गुरप्पांना ‘अप्पा’ म्हणायचा आणि त्यांच्या आधी विमानात कधी चढला नाही. अप्पांना यायला उशीर झाला, तर तो पंखाखाली उभा राहून सेठांबरोबर घाम पुसत असे.

कामाची वाटणी अतिशय न्याय्य होती. बाहेरच्या जगात म्हणे जाताना एकाने विमान चालवायचं आणि येताना दुसऱ्याने. इथे त्यात सुधारणा केली होती. विमानात सेठ असले की गुरप्पांनी चालवायचं, विमान रिकामं असलं की रामकिशनने. त्यामुळे रिकामं विमान उडवण्यात रामकिशनचा हात धरणारा साऱ्या हैदराबाद राज्यात कोणी नव्हता.

गुरप्पा चालवत असले की त्यांनी समोर बघायचं आणि ठरवायचं. बाकीचं किरकोळ काम रामकिशनचं. म्हणजे रेडिओवर बोलणं, नकाशा बघणं, तेल किती उरलं ते सांगणं, वारा कुठून येतोय ते ओळखणं, उतरायच्या रानात म्हशी आहेत का ते पाहणं, सेठांची पानाची चंची सांभाळणं, आणि यापैकी काहीही अप्पांना माहीत नाही असं वाटू न देणं. चाकं खाली सोडायचा दांडा रामकिशनच्या हाताशी होता, पण सोडायचा हुकूम अप्पांनी द्यायचा. हुकुमाशिवाय दांडा ओढणं म्हणजे मोठ्यांच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं. रामकिशनवर संस्कार चांगले होते.

विमानात एक भोंगाही होता. इंजिनाचा जोर कमी केला आणि चाकं वरच राहिली, तर तो बोंब ठोकायचा. वय, मान, सोबत कोण पाहुणे आहेत, कशाचाच त्याला पाचपोच नव्हता. विमानातला अप्पांना उलट बोलणारा तो एकटाच. शिवाय सेठांचं बोलणं तुटायचं. म्हणून त्याची तार सोडून ठेवली. तेव्हापासून विमानात शांतता आणि शिस्त नांदू लागली.

विमानाबरोबर इंग्रजीत छापलेलं एक नियमांचं पुस्तक आलं होतं. त्यात लिहिलं होतं, कॅप्टनच्या हातून काही चुकत असेल तर दुय्यमाने एकदा सांगावं, दुसऱ्यांदा स्पष्ट सांगावं आणि तिसऱ्यांदा सरळ विमान आपल्या ताब्यात घ्यावं. हे वाचून दोघांनाही सारखंच वाईट वाटलं. ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरात मोठी माणसं नसावीत. दोघांनी बसून नियम आपल्याकडे चालेल असा केला. पहिली सूचना प्रश्नाच्या रूपात. दुसरी सूचना कौतुकाच्या रूपात. तिसऱ्या वेळी गप्प बसावं. मोठ्या माणसाला तेवढ्यावरून कळतं.

ही पद्धत गुरप्पांना नवी नव्हती. राजेश्वरला त्यांचं घर याच नियमावर चाललेलं होतं. तिथले कॅप्टनही तेच. उजव्या बाजूला शांतम्मा होती. तेलमीठ, गुरंढोरं, सोयरेधायरे, पेरणी, सासूचं औषध एवढं किरकोळ ती बघायची आणि ठरवायचं काम गुरप्पा करायचे.

एका पावसाळ्यात ती म्हणाली, “अवं, चढाला पाय उचलंना झालाय. वयच झालं व्हय माजं?” गुरप्पा विमानाच्या घाईत होते. ते हूं म्हणाले. पुढे ती एकदा म्हणाली, “बिदरच्या डाक्टराला गुन हाय म्हनं लई. शेजारच्या मल्लव्वाची छाती बरी केली त्यानं.” गुरप्पा म्हणाले, “चांगलं हाय.” मग ती गप्प झाली. गुरप्पांनी एकदा जेवताना विचारलंसुद्धा, “गप कामून?” ती म्हणाली, “काय न्हाई.” दिवाळीच्या आत तिला शेतात, आंब्याखाली मूठमाती दिली. घरात त्यानंतर पूर्ण शांतता आणि शिस्त होती.

हैदराबादहून भालकीला येताना डाव्या खिडकीतून लांबवर राजेश्वरची, त्या आंब्याची बाजू दिसते. डावी खुर्ची कॅप्टनची. हे पुस्तक लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या दिवशी विमानात सेठ होते आणि शेजारी त्यांचे होऊ घातलेले व्याही. सोयरीक जवळजवळ ठरली होती. मुलीच्या बापाकडे विमान आहे आणि ते खाली उतरतंही, एवढं पाहणं बाकी होतं. खाली रानाच्या कडेला हलगीवाले, हार घेतलेली मंडळी आणि सेठांचा मुनीम उभा. गुरप्पांनी इंजिनाचा जोर कमी केला. मान मात्र डावीकडे होती. चाकांचा हुकूम आला नाही.

रामकिशनने दांड्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं.

“अप्पा,” तो म्हणाला, “रान लई जवळ आल्यावानी दिसायलंय न्हवं?”

“हूं.”

रान आणखी जवळ आलं. हलगीवाल्याचं मुंडासं ओळखू येऊ लागलं.

“अप्पा, तुमच्यासारखं विमान टेकवनं कुनाला जमत न्हाई बगा. काय ते चाक टेकतंय! फूल ठिवल्यावानी!”

“व्हय,” गुरप्पा म्हणाले. मागे व्याही सेठांना म्हणाले, “दोघांचं पटतंय चांगलं.”

दोन सूचना झाल्या होत्या. आता रामकिशनने नियमाप्रमाणे केलं. ओठ मिटले, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटून खजुरीच्या देवाचं नाव घेतलं आणि गप्प बसला.

गुरप्पांना रान दिसत होतं, पण ते रान आहे हे डोक्यात उतरत नव्हतं. रामकिशन काय बोलला तेही त्यांनी ऐकलं नव्हतं. पण तो गप्प झाला ते त्यांनी ऐकलं. त्या शांततेची त्यांना वर्षभर सवय होती. ती घरी जेवताना समोर बसायची. एकदम त्यांची मान वळली.

“गप कामून झालास रं?”

“काय न्हाई, अप्पा.”

तेच शब्द. गुरप्पा ओरडले.

“काय न्हाई म्हनू नगं! बोल म्हनतो न्हवं!”

“चाकं, अप्पा! चाकं वरच हैत!”

इंजिनं गरजली. विमान हलगीवाल्यांच्या डोक्यावरून गेलं. मुंडाशी उडाली, हारवाले आडवे झाले, मुनीम ज्वारीच्या धसकटांत तोंड खुपसून पडला. चाकं खाली सोडून विमान एक मोठी चक्कर मारून आलं आणि खरोखरच फूल ठेवल्यासारखं टेकलं.

“गुरप्पा, ही चक्कर कामून मारलीसा?” सेठांनी उतरताना विचारलं.

“पाव्हण्यास्नी गाव दाखवलं वरनं.”

व्याह्यांना ते फार आवडलं. सोयरीक तिथेच पक्की झाली. मोठा हार गुरप्पांच्या गळ्यात पडला. रामकिशनला चंची धरायची होती.

माणसं पांगल्यावर पंखाच्या सावलीत गुरप्पांनी हार काढून रामकिशनच्या गळ्यात टाकला.

“आजपून तिसऱ्या बारीला गप बसायचं न्हाई. दांडा वढायचा.”

“तुमाला न इचारता? कसं जमंल, अप्पा?”

“मग शिवी घाल मला.”

“तुमाला?” रामकिशन हारातली फुलं खुडू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्याला तोड सापडली. “त्यापरीस भोंगाच जोडू की परत. त्यो काय आपल्या रक्ताचा न्हाई.”

दोघांनी मिळून तार जोडली. भोंगा एकदा वाजवून पाहिला. तो वाजत असताना गुरप्पा राजेश्वरच्या दिशेला बघत उभे होते, आणि रामकिशनने तो लवकर बंद केला नाही.

विमानातली ही पद्धत वाचून वाचकांना हसू आलं असेल, आणि ते योग्यच आहे. मोठी माणसं अशी असतात. तुम्ही हे वाचत असताना मघाशी आतून कोणी काही विचारलं होतं, आणि तुम्ही वर न बघता हूं म्हणालात. ती पहिली होती की दुसरी, ते तुम्हाला आठवत असेलच. आता आतून काही आवाज येतोय का, जरा कान द्या. येत नसेल, तर वाचायला निवांतपणा मिळाला असं समजू नका. तिसरी चालू झाली आहे.