बापूकाकांचं दबाण

बापूकाका माने आयुष्यात एकच लढाई लढले, आणि तीही एका पडद्यासाठी. आमच्या रावपुऱ्यातल्या गल्लीत त्यांच्या ओट्यापुढे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक कापडी पडदा आहे. दुपारचं ऊन अडवायला लावलेला. तो गल्लीत हातभर पुढे येतो, एवढाच त्याचा गुन्हा. पण बडोद्यात रस्त्यावर असं काही पुढे आलं की त्याला ‘दबाण’ म्हणतात. दबाण काढणाऱ्यांची गाडी दिसली की काका अनवाणी ओट्यावर येऊन उभे. गाडी चौकात वळली की मिशीला पीळ, आणि गर्जना: “मैदान आपलं!”

गॅसचा सिलिंडर वेळेवर आला, मैदान आपलं. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी वर टाकली, मैदान आपलं. काकांचे पणजोबा संस्थानाच्या पलटणीत होते, आणि ते काकांच्या जिभेवरून अजून निवृत्त झालेले नाहीत. खुद्द काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरात नटबोल्ट सांभाळण्यात गेली, पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

काकू जन्मापासून ऐकू शकत नाहीत, बोलूही शकत नाहीत. नवरा-बायकोचा सगळा संवाद हातांनी चालतो. मी लग्न होऊन समोरच्या घरात आले तेव्हा मला कळायचं नाही, की पलीकडे भांडण चाललंय का गरबा! काकूंनी प्रत्येकाला एकेक खूण दिली आहे. काकांची खूण म्हणजे मिशीला पीळ. माझी खूण म्हणजे नाक उडवणं. कारण मी अजून विचारलेलं नाही.

तीन-चार महिन्यांपूर्वी काका तक्रार करायला लागले, की हल्ली पेपरवाले शाई वाचवतात, बातम्या धुरकट छापतात. मी माझा पेपर दाखवला. “हाही धुरकटच,” म्हणाले. मग मीच त्यांना ओढत फतेगंजला डोळ्यांच्या तपासणी शिबिराला नेलं. डोळ्यांत थेंब घातले, आतले फोटो काढले. रक्तदाब बघायला नर्स पट्टा घेऊन आली, तर काकांनी हात मागे घेतला. “मान्यांच्या दंडाला असले पट्टे बांधत नाहीत, बेन!” ती बिचारी हसून पुढे गेली. मी मात्र शरमेनं लाल.

दोन दिवसांनी काकांना फोन आला. तो त्यांनीच मला नंतर नाट्यासकट ऐकवला. बाई म्हणाली, “काका, तमारो पडदो जोयो. दबाण बहु वधारे छे.”

“कोण पाहून गेलं? कधी?” काका.

“मॅडमे जाते जोयो. फोटो पण छे. मोडुं न करशो, नहीं तो पडदो बगडी जशे.”

“फोटो? मग तो कोर्टात दाखवा! उशीर केला तर पडदा बिघडेल म्हणे, धमकी कुणाला देता?” असं म्हणून काकांनी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, जुन्या अर्जांची पिशवी घेऊन स्वारी थेट महानगरपालिकेत! तिथल्या कारकुनानं सगळी कागदपत्रं चाळली आणि सांगितलं, तुमच्या पडद्याबद्दल आमच्याकडे एकही तक्रार नाही. झालं! काकांनी त्या आनंदात अख्ख्या गल्लीला सेव-उसळ खिलवली. स्वतः तर्री दोनदा मागून घेतली.

आठवडा गेला. एका सकाळी ओट्यावर काकू त्यांना काहीतरी सांगत होत्या. काका नुसते मान हलवत होते. काकूंनी पुन्हा सांगितलं. काकांनी उत्तर भलतंच दिलं. तिसऱ्यांदा काकूंनी त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

थोड्या वेळानं काका माझ्या दारात. आवाज एवढासा. “सुनंदे, तिचे हात मधोमध पुसल्यासारखे दिसतात गं. ती बोलते ते मला ऐकू येत नाही.” मग उंबऱ्यावरच बसले. “मला दिसेनासं झालं तर ती बोलणार कुणाशी?”

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. तीच बाई. या वेळी मी घेतला. ती डोळ्यांच्या शिबिरातून बोलतेय हे पहिल्याच वाक्यात कळलं, आणि मी कपाळावर हात मारला.

“अहो काका! गुजरातीत रक्तदाबालाही दबाणच म्हणतात ना! आणि पडदा ओट्याचा नव्हे, डोळ्यातला!” मी ओरडलेच.

रिक्षा करून तासाभरात फतेगंजला पोहोचलो. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर काकांचा डोळा दाखवला. केशरी गोल, त्यावर बारीक नसा, मध्येच रक्ताचे ठिपके. “शरीरातल्या नसा उघड्या दिसतात त्या इथेच,” त्या म्हणाल्या. “दाब फार वाढला की त्या आकसतात, मग झिरपायला लागतात. पडद्याला सूज आली आहे, म्हणून मधलं पुसट दिसतंय.” पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे! “आठ दिवस कुठे होतात तुम्ही?”

“महानगरपालिकेत,” मी म्हटलं.

त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू झाली. आणि मग काका लढले, खरोखर लढले. लोणचं, पापड, फरसाण घरातून हद्दपार. सकाळी आठच्या ठोक्याला गोळी. पट्टा बांधायला काकू आल्या की दंड आपणहून पुढे. रोजचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आणि इतके दिवस काकू त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तशा बोलायच्या. हात मोठे करून, सावकाश, दोन-तीन खुणांत. बाकीचं सगळं पोटात ठेवायच्या. मला बघवत नसे.

परवा पुन्हा फोटो निघाले. ठिपके विरले होते, सूज उतरली होती. तक्त्यावरच्या खालच्या ओळीसुद्धा काकांनी खणखणीत वाचल्या. “गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत,” डॉक्टरीणबाई बजावत होत्या, तोवर काकांनी “मैदान आपलं!” अशी आरोळी ठोकली, की बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, शपथ!

डोळ्यांत थेंब घातलेले असल्यामुळे त्या दिवशी त्यांना धड काही दिसलं नाही. काल सकाळी मी ओट्यावर गेले, तर काकूंनी हळूच एक बारीकशी खूण केली, आणि काका लगेच हसले. काकूंनी ते पाहिलं. आणि मग जे हात सुटले म्हणता! तीन महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. मला त्यातलं ‘फोन’, ‘मूर्ख’ आणि ‘मी एकटी’ एवढंच कळलं. बोटं थांबतच नव्हती.

काका ताठ बसले होते. डोळ्यांतून पाणी मिशीत उतरत होतं, तरी पापणी लवू देत नव्हते.

“काका, चहा टाकू का?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसता हात वर केला.

“थांब गं सुनंदे. ती बोलतेय.”