शालनआत्याची कोंबडी

माझी शालनआत्या जर्मनीत हॉटेलात जेवण मागवण्याआधी कोंबडी व्हायची.

खुर्चीवरून उठायची, पदर खोचायची आणि दोन्ही कोपरं पंखांसारखी हलवत 'पक् पक् पकाऽक्' करायची. मग जरा वाकून स्वतःच्याच मागून एक न दिसणारं अंडं काढायची, तोंडात टाकायची, गळा धरायची, डोळे पांढरे करायची आणि खुर्चीत मरून पडायची. मेल्यावर एक डोळा उघडून वेटरला विचारायची, "कळालं का पावणं?"

साठी ओलांडलेली बाई, अंगावर सहावारी, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. सगळं हॉटेल जेवायचं थांबायचं.

आत्याला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. अंड्याचा अंश जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. एका बारशात केकचा तुकडा खाल्ला तेव्हा तर श्वासच कोंडला. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन तिच्या पर्समध्ये असतं. बाकी कशाला ना नाही. "मटण चालतं, कोंबडी चालती. कोंबडीचं पोरगं तेवढं चालत न्हाय."

मी स्टुटगार्टला नोकरी करते. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामाच म्हणायचो, ते गेल्यावर ती मंगळवार पेठेतल्या घरात एकटीच राहिली होती. म्हणून तिला महिनाभर बोलावून घेतलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की या गावात शेवयांत अंडं, कटलेटच्या आवरणात अंडं, सॅलडवरच्या सॉसमध्येसुद्धा अंडं. मी सगळं जर्मनमध्ये मोबाईलवर लिहून ठेवलं.

"फक्त दाखवायचं, आत्या."

"मोबाईल मरणार हाय व्हय? मरणार मी. मग मीच सांगतो की!"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'सांगतो', 'जातो'च म्हणतात. विमानात बसल्यानं त्यात काही फरक पडत नाही.

पहिल्याच हॉटेलात आत्या गळा धरून पडली आणि शेजारच्या टेबलावरच्या एका धिप्पाड माणसाला वाटलं, बाईच्या घशात काहीतरी अडकलं. तो धावत आला, तिला मागून कवेत घेतलं आणि पोट आवळून गदागदा हलवायला लागला. आत्याचे दोन्ही पाय जमिनीपासून वर.

"सोड मुडद्या!" आत्या ओरडली. "मने, ह्याला सांग, मी अजून काय बी खाल्लं न्हाय!"

मी सांगितलं. तो बिचारा लाजून लाल झाला. त्यानं आम्हाला लिंबूसरबत पाजलं आणि आत्यानं त्याला उचगावच्या तिच्या मावसभावासारखं दिसण्याचं प्रमाणपत्र दिलं.

त्या दिवशी घरी येताना तिनं विचारलं, "अंड्याला काय म्हणत्यात हितं?"

"आय."

"आँ?"

"आय. अंडं नको म्हणजे 'काइन आय'."

"आयला!" आत्या रस्त्यातच थांबली. "मग आयला काय म्हणत्यात?"

"मुटर."

"त्यापरास आपली कोंबडी बरी."

तरी शब्द तिनं पाठ केलाच. दुसऱ्या दिवसापासून मरून झालं की 'काइन आय!' अशी आरोळी यायची, रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारावी तशी.

बेकरीत तिनं एक पाव हातात घेऊन उजेडात धरला. "ह्याच्या तोंडाला एवढं तेज कशानं आलं?" मी विचारलं, तर खरंच, भाजायच्या आधी वरून अंडं फासलेलं. एका हॉटेलात वेटरनं आमचं पुरतं ऐकूनही न घेता "नाही नाही, अंडं नाही" म्हणून मान हलवली. आत्या पर्स घेऊन उठली. "आत जाऊन इचारलं न्हाय त्यानं. न इचारता मान हलवनाऱ्याच्या हातचं जेवायचं न्हाय." ते हॉटेल मी महिनाभर आधी बुक केलं होतं. आम्ही घरी येऊन पिठलं-भात खाल्ला.

परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या एका छोट्या खानावळीत गेलो. आत्यानं प्रयोग केला. टेबलं हसली. पण स्वयंपाकघराच्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या, पिकल्या केसांच्या, रुंद खांद्यांच्या; स्वयंपाकही त्याच करत होत्या. त्या हसल्या नाहीत. शेवटपर्यंत बघत राहिल्या आणि जवळ येऊन मला म्हणाल्या, "आज सगळ्या तव्यांवर अंड्याच्या शेवया परतल्यात. थोडं थांबाल का?"

त्या आत गेल्या. हात धुतले, अंगावरचा एप्रन बदलला. मग एक कोरा तवा घेऊन बाहेर आल्या आणि आत्यासमोर धरला. आत्यानं तव्यावरून बोट फिरवलं. बाईंनी विचारल्यासारखं बघितलं. आत्यानं मान डोलावली.

अर्ध्या तासानं मटण आणि बटाटे आले. आत्या ताटाकडे नुसती बघत बसली.

"काय झालं, आत्या? शंका आहे का?"

"न्हाय गं." मग हळूच म्हणाली, "आमच्यात सगळी तालमीतली माणसं. रोज सकाळी टोपलंभर अंडी. फोडून फोडून हाताला फोड यायचं. त्याच तव्यावर माझी भाकरी. ओठ सुजलं की सासूबाई म्हणायच्या, नखरं हाईत."

"आणि मामा?"

"ते काय वाईट न्हवतं. वेगळा तवा मागितला असता तर आणला असता त्यांनी. पण मलाच कधी सुचलं न्हाय, की माझ्यासाठी बी तवा आसू शकतो."

एवढं बोलून ती जेवायला लागली. हाडं चोखून ताट लख्ख केलं. बाई ताट न्यायला आल्या तेव्हा आत्यानं त्यांच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"हिला इचार," आत्या म्हणाली, "ती जेवली का म्हणावं."

मी विचारलं. बाईंना प्रश्न दोनदा सांगावा लागला. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि नाही म्हणून मान हलवली.

आत्यानं शेजारची खुर्ची पायानं बाहेर सरकवली.